पोटभाडेकरू

जुन्या बाजाराला जाताना घरी काय सांगावं, हा माझ्या संसारातला जुना प्रश्न आहे. ‘जरा पाय मोकळे करून येतो’ हे आता चालत नाही, कारण पाय मोकळे करायला निघालेला माणूस कापडी पिशवी बरोबर घेत नाही, हे बायकोच्या लक्षात आलेलं आहे. तरीही एका रविवारी मी पिशवी घेतली, पाय मोकळे केले आणि राउटर घेऊन परत आलो.

पुण्याचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बिनझाकणाचा मिक्सर, तबकडीचे दोन फोन आणि काच तडकलेला कंदील यांच्यामध्ये तो ताडपत्रीवर बसला होता. सिस्कोचा १८४१. या जातीच्या राउटरचं खरं तोंड मागच्या बाजूला असतं. पुढून बघाल तर दोन-चार दिवे आणि कंपनीचं नाव, बाकी चेहरा कोरा. मी सहज केल्यासारखं करून त्याला फिरवलं आणि काळजात लक्कन हललं. मागे दोन स्लॉट असतात. बाजारात पोचेपर्यंत त्यांतली कार्डं कुणीतरी काढून विकलेली असतात आणि राउटर बोळक्या तोंडानं बसलेला असतो. इथे एका स्लॉटवर पत्र्याचं झाकण जसंच्या तसं, आणि दुसऱ्यात चार खिडक्यांचं इथरनेट स्विचचं कार्ड. दोन्ही स्क्रूंसकट!

जुन्या बाजारात जे हवं असेल ते सोडून बाकी सगळ्याचा भाव विचारायचा असतो. मी मिक्सरचा विचारला. कंदिलाचा विचारला. मग निघता निघता म्हटलं, “आणि हा डबा?”

“केबलचा बॉक्स आहे साहेब. वजन बघा नुसतं, लोखंड आहे आतनं.”

लोखंडाच्या हिशेबात साडेतीनशेला सौदा तुटला.

घरी येऊन ओल्या फडक्यानं पुसला, तर बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, बारीक ब्रशनं लिहिलेली अक्षरं उमटली: ‘डे. स्टॉ. रजि. पान ४१, अ. क्र. ७’. त्याच्यावरचं नाव कुणीतरी ब्लेडनं खरवडून काढलं होतं, पण नंबर ठेवला होता. म्हणजे संस्थेतला माल. माठाच्या तिवईपासून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत सगळ्याला डेडस्टॉकचा नंबर घातल्याशिवाय आपल्याकडे सहकार होत नाही. नंबर रंगवणारा जो कोण होता त्याचं अक्षर मात्र सुरेख होतं. ‘रजि.’ची वेलांटी तर त्यानं अशी काढली होती की तेवढी कापून चौकटीत लावावी.

“अहो, हे काय आणलंत?”

“राउटर.”

“घरात आहे ना एक?”

“यात कार्ड आहे. स्विचचं.”

तिनं भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुकर लावायला आत गेली.

राउटर आणि स्विच यांतला फरक मी आयुष्यात बऱ्याच जणांना समजावला. त्यात संस्थांचे चेअरमन होते, एसटीतले शेजारी होते आणि लग्नाआधी ‘म्हणजे नेमकं करता काय तुम्ही?’ असं विचारणारे सासरेही होते. त्यांना सांगितलं ते अजूनही बरं वाटतं. राउटर बाहेरचं बघतो, स्विच घरातलं. राउटरला गावं कळतात: हे टपाल आपल्याकडचं नाही, अमक्या रस्त्यानं पुढे लावा. स्विचला माणसं कळतात: हा माडीवरचा, ती जिन्याखालची. राउटर आयपी पत्ता वाचतो. तो गाव बदललं की बदलतो. स्विच मॅक पत्ता वाचतो. तो यंत्राला कारखान्यातच जन्मखुणेसारखा चिकटलेला असतो. दोघांची कामं वेगळी, डबे वेगळे, विजेचे प्लगही वेगळे. सासऱ्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘म्हणजे वायरमन.’

तर हे कार्ड म्हणजे आपला वेगळा डबा सोडून राउटरच्या घरात राहायला आलेला स्विच. पोटभाडेकरू. पंजाएवढी जागा, चार खिडक्या, आणि जेवणखाण घरमालकाकडे. त्याला स्वतंत्र वीज लागत नाही. गंमत म्हणजे ज्या खोलीत तो राहतो ती मुळात त्याच्यासाठी बांधलेलीच नाही. या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांच्या घराण्याला एच-विक म्हणतात, आणि त्यातलं डब्ल्यू म्हणजे वॅन, बाहेरच्या जगाची लांब पल्ल्याची लाइन. दूरच्या पाहुण्यांसाठी राखलेली खोली होती. तिथे घरातल्याच माणसांचं बघणाऱ्यानं पथारी टाकली.

पण अशी पथारी का लागते, ते मला एका तालुक्याच्या गावी कळलं.

२००७-०८च्या सुमारास मी एका पतसंस्थेच्या शाखांचं नेटवर्क बघायचो. १८४१ तेव्हा ऐन उमेदीत होता. २००४ साली तो बाजारात आला होता. त्याला स्वतःच्या इथरनेटच्या खिडक्या दोनच. एक बाहेरच्या लाइनीला दिली की आत एकच उरते, आणि शाखेत मॅनेजर, कॅशियर, दोन क्लार्क आणि एक खोकणारा प्रिंटर. म्हणून राउटरशेजारी प्लॅस्टिकचा छोटा स्विच ठेवलेला असायचा. एका शाखेची तक्रार यायची: ‘रोज साडेदहाला नेट जातं, साडेअकराला आपोआप येतं.’ फोनवर सगळे उपाय झाले. लाइनवाल्यांना बोलून झालं, त्यांनी मला बोलून झालं. शेवटी पहाटेच्या गाडीनं गेलो आणि कपाटाशेजारी स्टुलावर बसून राहिलो.

साडेदहाला शिपाईमामा आले. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, लक्ष्मीच्या फोटोला नमस्कार केला. मग भिंतीवरच्या एकुलत्या एका प्लगातून एक छोटा काळा ॲडॅप्टर हळुवार उपसून बाजूला ठेवला आणि तिथे देवाची रंगीत दिव्यांची माळ लावली. माळ फिरायला लागली. मागे कॅशियरबाई म्हणाल्या, “गेलं बघा.”

“मामा, तो काढलात तो कशाचा आहे माहीत आहे का?”

“तो व्हय? तो कुणाचाच न्हाई, साहेब. तासाभरानं लावतो की परत.”

राउटर मात्र चालू होता. त्याची जाड वायर कपाटामागे होती, तिथे मामांचा हात पोचत नव्हता. देवाच्या आड यायची माझी छाती नव्हती आणि भिंतीत नवा प्लग पाडायला जागामालक तयार नव्हता. म्हणून मी कार्ड सुचवलं. त्या पैशात प्लॅस्टिकचे दहा स्विच आले असते, त्यामुळे हेड ऑफिसला लेखी कारण हवं होतं. मी बराच विचार करून लिहिलं, ‘श्रीलक्ष्मीपूजनाच्या वेळी सेवा खंडित होऊ नये म्हणून’. संचालक मंडळात ठराव एकमतानं पास झाला. तांत्रिक कारण दिलं असतं तर समिती नेमली असती.

कार्ड बसवायला राउटर बंद करावा लागतो. चालू यंत्रात हे खपत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बसवलं. पत्र्याचं झाकण काढायचं, दोन्ही बाजूंच्या खोबणींत कार्डाच्या कडा धरायच्या आणि सरळ आत ढकलायचं. शेवटी जरासं अडतं. तिथे जोर करायचा नसतो, अंगठ्यानं समजूत काढायची असते. मग कट् असा आवाज येतो, आणि तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला दुसऱ्या कुठल्याही कुलपाचा आवाज तितका खात्रीचा वाटत नाही. काढलेलं झाकण मी मॅनेजरच्या खणात ठेवून दिलं, पुढेमागे लागेल म्हणून. अशी झाकणं कधीच लागत नाहीत. पण ती टाकून देणारा मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कार्डाचं पाळण्यातलं नाव इथरस्विच. त्यातल्या ‘इथर’ची कथा मला फार आवडते. प्रकाश चालायचा म्हणजे काहीतरी भरलेलं पाहिजे, या समजुतीनं पाश्चात्त्य पदार्थविज्ञानानं विश्वभर इथर नावाचा अदृश्य पदार्थ कल्पला होता. १८८७ साली मायकेल्सन आणि मॉर्ले यांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला मोठ्या निगुतीनं प्रयोग केला आणि त्यांना इथरचा मागमूस लागला नाही. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचं क्रियाकर्म उरकलं. त्याला बरीच वर्षं झाल्यावर, २२ मे १९७३ला, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं, आणि सगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या सामाईक केबलला या दिवंगताचं नाव दिलं. आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांना हे पटलं असतं. त्यांनी आकाश हे द्रव्य मानलं आणि शब्द हा त्याचा गुण मानला. बोलणं पोचतंय, मग ते वाहून नेणारं काहीतरी असणारच. मेटकाफ यांच्या केबलचं काम तरी दुसरं काय होतं?

त्या केबलवर सगळे एकाच सतरंजीवर बसल्यासारखे असायचे. बोलायच्या आधी कान द्यायचा, कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचं. दोघांनी एकदम उघडलं तर दोघांनी गप्प व्हायचं आणि मनातल्या मनात एक आकडा धरून तेवढा वेळ थांबायचं. पुन्हा टक्कर झाली तर आकडा आणखी मोठ्या आवाक्यातून धरायचा. सोळा वेळा जमलं नाही तर नाद सोडायचा. हे नियम आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लावून पाहावेत असं मी एकदा सुचवलं होतं. माझी सूचना पूर्ण होण्याआधीच तिघांची टक्कर झाली.

पुढे हब आले. हब म्हणजे एकाचं बोलणं सगळ्यांना ओरडून सांगणारा. आणि मग स्विच आला, तो ज्याचं त्यालाच देणारा. बाजारातला पहिला बहुखिडक्यांचा इथरनेट स्विच १९९०च्या आगेमागे कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीनं आणला. सात खिडक्यांचा. कंपनीचे संस्थापक दोघे, विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर. कंपनीला नाव दिलं भारद्वाजांच्या पत्नीचं: कल्पना. विनोद आणि कल्पना! ललित निबंधाला आणखी काय भांडवल लागतं? १९९४ साली सिस्कोनं ही कल्पना विकत घेतली. इथरस्विच हा शब्दसुद्धा मूळचा त्या माहेरचाच. म्हणजे माझ्या साडेतीनशेच्या डब्यातल्या कार्डावर अर्धं नाव नसलेल्या पदार्थाचं आणि अख्खं नाव कल्पनेच्या घरचं. तरी त्यातून पैसे जमा होतात नि खर्ची पडतात.

कल्पनेच्या स्विचला एक घाईची खोडही होती. येणाऱ्या टपालावरचा पत्ता वाचून झाला की तो बाकीचं पूर्ण आत यायची वाटही न बघता पुढे धाडायला लागायचा. तुमचं वाक्य तुमच्याआधी संपवणारी माणसं असतात, तसा. पत्ता नेहमी पहिल्यांदा येतो म्हणून हे साधतं. माणसांत मुद्दा शेवटी येतो, म्हणून फसतं.

आमच्या वाड्यात तळमजल्यावर यमुताई राहायच्या. कोण कुठे राहतो हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं. त्या फक्त ऐकायच्या. माडीवरून खोकला आला की माडीवर कोण, मोरीशी भांडं आपटलं की मोरीशी कोण, हे त्यांच्या डोक्यात नोंदलं जायचं. पोस्टमन आला की त्या बसल्या जागेवरून सांगायच्या, ‘ते आत्ता मागल्या खोलीत आहेत.’ स्विच नेमकं हेच करतो. एखादं यंत्र बोललं की त्यानं कुणासाठी काय पाठवलं याआधी तो बघतो की पाठवणारा कोण आणि आवाज कुठल्या खिडकीतून आला. तेवढी वहीत नोंद. पुढे त्याच्यासाठी काही आलं की बरोबर त्याच खिडकीत. आणि ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी काही आलं तर? तर जिथून आलं ती खिडकी सोडून बाकी सगळ्या खिडक्यांत हाळी द्यायची. खरा मालक उत्तर देतो, आणि उत्तर देताना सापडतो. यमुताईसुद्धा नवख्या नावाचं पत्र आलं की चौकात उभ्या राहून असंच करायच्या.

फरक एकच. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, तर स्विच त्याची नोंद खोडून टाकतो. यमुताईंनी चाळीस वर्षांपूर्वी वाडा सोडलेल्यांची नोंदसुद्धा खोडलेली नव्हती, आणि ती ऐकायला मिळू नये म्हणून ती माणसं वाड्यात परत येत नसत.

आता घरातल्या डब्याकडे. रात्री जेवणं झाल्यावर मी निळी कन्सोल केबल शोधून काढली, तिला यूएसबीची शेपटी जोडली आणि राउटर चालू केला. पंखा असा घुमला की पलीकडच्या खोलीतून विचारणा झाली, “गिरणी लावलीत का?” पासवर्ड अर्थातच माहीत नव्हता. त्याचा उपाय राउटर बनवणाऱ्यांनीच ठेवलेला आहे: सुरू होताना अडवायचं, एक आकडा बदलायचा, की तो आधीचं सगळं बाजूला ठेवून कोऱ्या मनानं उठतो. आधीच्या मालकाची मांडणी आत तशीच पडलेली असते, वाचायची तर वाचता येते. मी वाचली नाही. दुसऱ्याची पत्रं न उघडता बंबात घालावीत तशी पुसून टाकली. स्वतःचं कौतुक वाटलं.

मग मी नवशिक्यासारखा अडखळलो. कार्डाच्या पहिल्या खिडकीला आयपी पत्ता द्यायला गेलो, तर राउटर म्हणाला, या खिडकीला असा पत्ता देता येत नाही. विसरलोच होतो. पोटभाडेकरूच्या खिडक्यांना स्वतंत्र पत्ता नसतो. पत्ता बिऱ्हाडाला असतो. बिऱ्हाडाला आमच्या भाषेत व्हीलॅन म्हणतात. एकाच स्विचच्या पोटात अशी कितीतरी बिऱ्हाडं थाटता येतात. खिडक्या शेजारी शेजारी, पण बोलणं बंद. बोलायचंच तर घरमालकाच्या ओसरीवरून, म्हणजे राउटरमार्फत. घरमालकाचे आणि पोटभाडेकरूचे स्वभावही उलटे. राउटरच्या स्वतःच्या खिडक्या मुळात बंद असतात, एकेक हुकूम देऊन उघडाव्या लागतात. कार्डाच्या खिडक्या पहिल्यापासून सताड उघड्या.

कुठली बिऱ्हाडं आहेत ते विचारलं. त्याचाही हुकूम या कार्डासाठी वेगळा आहे. नेहमीच्या ‘शो व्हीलॅन’ऐवजी ‘शो व्हीलॅन-स्विच’ म्हणावं लागतं, पोटभाडेकरूच्या पत्रात ‘द्वारा’ लिहितात तसं. यादीत कारखान्यातून आलेलीच नावं असायला हवी होती. त्यांच्याखेरीज आणखीही नावं आली. मांडणी पुसली तरी व्हीलॅनची नोंद वेगळ्या फाइलीत असते, आणि ती मी पुसलीच नव्हती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: वसुली. ठेव. टेस्ट. साहेब. साहेब-न्यू.

टेस्टचं काही नाही. टेस्ट नावाचं बिऱ्हाड प्रत्येक नेटवर्कमध्ये असतं आणि त्यात कायमची माणसं राहत असतात. पण साहेब आणि साहेब-न्यू यांच्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो. म्हणजे साहेबांना क्लार्कांपासून वेगळं बिऱ्हाड दिलेलं होतं. मग साहेबांची बदली झाली असणार, किंवा निवृत्ती. नवे साहेब आले. जुन्याच्या जागी नव्यांना टाकता आलं असतं, एका ओळीचं काम. पण माझ्यासारख्याच कुणीतरी, एसटीनं येऊन स्टुलावर बसून, जुन्या साहेबांची खोली तशीच ठेवली आणि नव्यांना शेजारी नवी काढून दिली. का, ते विचारायला आता कुणी नाही. संस्थेचं नावसुद्धा ब्लेडनं गेलं. डेडस्टॉकच्या पान ४१ वर काय लिहिलं असेल तेवढंच.

ती फाइल पुसायला एक हुकूम पुरतो. मी तो टाइप केला, आणि एंटर न दाबता खोडून टाकला.

उलट मी प्रत्येक बिऱ्हाडाला पत्ते मिळायची सोय केली, होत्या त्या चार खिडक्या चौघांना वाटून दिल्या, घरातल्या इंटरनेटला जोडलं आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीची वायर आणून वसुलीत खोचली. ते बिऱ्हाड पहिलं होतं, एवढंच कारण. टीव्ही चालला. बायको मालिका बघायला बसली, पण तिचं लक्ष मी सांगितलेल्या नावांकडे होतं.

“आपला टीव्ही कशात आहे म्हणालात?”

“वसुलीत.”

“आणि साहेबमध्ये कोण आहे?”

“कुणी नाही. रिकामं आहे.”

ती उठली. कार्डाशी वाकून तिनं वसुलीच्या खिडकीतली वायर काढली. “यातलं कुठलं ते?” मी बोट दाखवलं. तिनं तिथे खोचली. बारीक हिरवा दिवा लागला, पण टीव्हीवर गोल फिरत राहिला.

“बंद पडलं का?”

“नाही. नवीन कुणी आलं की हे कार्ड अर्धं मिनिट थांबतं. पंधरा सेकंद नुसतं ऐकतं, पंधरा सेकंद शिकतं, मग वाट देतं. दोन टोकं फिरून एकमेकांतच जोडली गेली असतील तर सगळं घर निनादत बसेल, म्हणून आधी खात्री करून घेतं. रॅडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ साली ही युक्ती काढली. वर तिच्यावर कविताही लिहिली.”

“बाईनं काढली ना,” ती म्हणाली, “मग थांबते.” आणि हाताची घडी घालून टीव्हीसमोर उभी राहिली.